दिसलंवाले अण्णा

आमच्या भागात भीमा ही दोन तालुक्यांची हद्द आहे. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. ही हद्द बिबट्याला मान्य नाही आणि अण्णांनाही मान्य नाही. रात्री अकराला बिबट्या त्यांना आमच्या मळ्यात दिसतो आणि सव्वाअकराला नदीपलीकडच्या उसात दिसतो. "वाघ पोहून जातो," ते सांगतात. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. "आणि तुम्ही कसे गेलात, अण्णा?" असं कोणी विचारलंच तर अण्णा टपरीवाल्याकडे वळून सगळ्यांसाठी चहा सांगतात आणि विषय चहाच्या दरावर जातो.

दर गावात असा एक माणूस असतो. त्याला थापाड्या म्हणणं अन्यायाचं आहे. थापाड्याचा थापेत काहीतरी फायदा असतो. दिसलंवाल्याला एक कवडी मिळत नाही, उलट चहाचे पैसे जातात. जगात काही घडलं आणि ते आपल्याला वगळून घडलं, एवढंच त्याला सोसत नाही. त्यामुळे घटना आणि अण्णा यांच्यात अंतर पडलं की अण्णा ते मागाहून भरून काढतात.

२ एप्रिल २०२२चं घ्या. गुढीपाडव्याची संध्याकाळ होती. विदर्भात, खानदेशात लोकांनी आकाशातून आगीचा लोळ जाताना पाहिला, मोबाइलवर टिपला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ तर धातूचं भलंमोठं कडंच येऊन पडलं. तो चिनी रॉकेटचा वापरून झालेला टप्पा होता. व्हिडिओ आमच्या गावच्या ग्रुपवर यायला थोडा वेळ लागला. व्हिडिओ येईपर्यंत अण्णांना काही दिसलेलं नव्हतं, आणि आल्यावर पाचच मिनिटांत दिसलं. "मी गुढी उतरवत होतो, तेवढ्यात डोक्यावरून गेलं. आवाज ऐकला का कोणी? मी ऐकला." गुढी सूर्यास्ताला उतरवतात आणि लोळ अंधार पडल्यावर दिसला, हे काकूंनी आतून सांगितलं. "आमची जरा उशिरा उतरली," असं अण्णांनी बाहेरून सांगितलं.

मग २०२४च्या पावसाळ्यात ड्रोन आले. शिरूर, दौंड, बारामती, सगळीकडे एकच हवा. रात्री ड्रोन फिरतात, चोर घरं हेरतात, गावोगाव पोरं काठ्या घेऊन गस्तीला. त्या दिवसांत अण्णांचा भाव असा काही वधारला की त्यांच्यासाठी टपरीवर खुर्ची राखून ठेवायचे. त्यांच्या ड्रोनला लाल दिवा होता, हिरवा होता, आणि एकाला नंबरप्लेट होती.

एक मात्र त्यांच्या बाजूने म्हटलं पाहिजे. अण्णा रात्री खरोखरच जागे असतात. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की उसाला दारं धरायला जावंच लागतं. पायात गमबूट, हातात बॅटरी, कमरेला मोबाइल, आणि त्यावर वाघाने ऐकावं म्हणून मोठ्याने लावलेली भजनं. एक सरी भरेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. माणूस वर बघतो. पुण्याच्या लोकांना तारे बघायचे तर गाडी काढून शहराबाहेर यावं लागतं. अण्णांना महावितरणने ती सोय घरपोच केली आहे.

आता अण्णांचे साडू. दौंडला असतात. रेल्वेत गार्ड होते. रेल्वेने २०२२मध्ये गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली, पण हे त्याआधीच निवृत्त झाले, त्यामुळे मरेपर्यंत गार्डसाहेब. सगळं आयुष्य डब्यात मागे बसून, कुठलं स्टेशन किती वाजता, किती मिनिटं थांबलो, का थांबलो हे जर्नलमध्ये लिहिण्यात गेलं. आजही लग्नाला आले की अक्षता पडल्याची वेळ खिशातल्या वहीत उतरवतात आणि "सतरा मिनिटं लेट" असं वधुपित्याला कळवतात. ते अण्णांना विचारतात, "नक्की किती वाजता दिसलं?" आणि अण्णांना या प्रश्नाइतका राग दुसऱ्या कशाचाच येत नाही.

तर १० मे २०२४. त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती, दुपारी आमरस झालेला. शिरूर लोकसभेचं मतदान १३ तारखेला, म्हणून गावात निम्मी माणसं तशीही झोपत नव्हती. त्याच रात्री तिकडे वर वेगळाच प्रचार चालला होता. सूर्यावरच्या एआर ३६६४ नावाच्या डागांच्या पुंजक्यातून सुटलेले तप्त वायूचे लोट एकामागून एक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर येऊन आदळले. अशा वादळांना पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे, आणि हे पाचव्या पायरीचं, म्हणजे जी-५. ऑक्टोबर २००३ नंतर असं पहिल्यांदाच झालं. एरवी नॉर्वे-अलास्काकडे दिसणारा ध्रुवीय प्रकाश युरोप-अमेरिकेत खूप खालपर्यंत लोकांनी अंगणातून पाहिला. लडाखमध्ये हान्लेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरची लाली टिपली.

शनिवारी सकाळी ते फोटो गावच्या ग्रुपवर आले. अण्णा फोटो बघून म्हणाले, "हे व्हय? हे तर मी रात्री बघितलं."

टपरी गप्प झाली. रात्रपाळीचा आठवडा होता, अण्णा मळ्यात होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. "उत्तरेला लाल भडक झालं होतं. मला वाटलं, पाचट पेटवलं कोणी. पण पाचट असं हलत नाय."

मी सुट्टीवर आलो होतो. मी उत्साहाने सांगितलं की अण्णा, असं पाहिलं असेल तर ते कळवायची सोय आहे. ऑरोरासॉरस नावाचा एक उपक्रम आहे. नासामधल्या एलिझाबेथ मॅकडोनल्ड या शास्त्रज्ञ बाईंनी सुरू केलेला. जगभरातली साधी माणसं ध्रुवीय प्रकाश कुठे, कधी, कसा दिसला ते त्यावर नोंदवतात, आणि अंतराळातल्या हवामानाचा अभ्यास करणारे त्या नोंदी वापरतात. "म्हंजी अमेरिका मला विचारती?" अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. "लिही."

मी लिहायला बसलो.

"वेळ?"

"मोटर ट्रिप झाली, त्याच्यानंतर."

"किती वाजता ट्रिप झाली?"

"फ्यूज बदलला तेव्हा."

"दिशा?"

"पाटलांच्या विहिरीकडं."

"क्षितिजापासून किती वर? हात लांब करून मूठ धरायची, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश."

अण्णांनी मूठ धरली. मग दुसरी मूठ त्यावर ठेवली, मग पहिली काढून दुसरीवर ठेवली, आणि असं करत ते थेट टपरीच्या पत्र्याला लागले. "एवढं," ते म्हणाले.

रविवारी गार्डसाहेब स्कूटरवर हजर. त्यांना कोणीतरी फोन केला होता. बहुधा काकूंनीच. त्यांनी जेवण केलं, वामकुक्षी केली आणि रात्री अण्णांना घेऊन जागेची पाहणी करायला बांधावर गेले. मीही गेलो. गार्डसाहेबांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, पाटलांची विहीर धरली, वही उघडली. उत्तरेला, उसाच्या शेंड्यांच्या वर, लाली होती. रविवारीही होती. थोडी हलतही होती.

ती वीटभट्टी निघाली. गार्डसाहेबांनी वहीत वेळ लिहिली.

एखादा साधा माणूस इथे खचला असता. अण्णा म्हणाले, "ही भट्टीच. पण परवाची याच्या मागं होती."

इथून पुढे जे झालं ते मला फार आवडतं, कारण गार्डसाहेबांनी अण्णांना उडवून लावलं नाही. ते रात्री बाजेवर बसून हिशेब करत राहिले. ध्रुवीय प्रकाशातला हिरवा रंग शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर होतो, लाल त्याच्याही वर, दोनशे किलोमीटरच्या पुढे. दोन्ही ऑक्सिजनचेच. पृथ्वी गोल असल्याने लांबून बघणाऱ्याला खालचा हिरवा झाकला जातो आणि वरचा लाल तेवढा शिल्लक राहतो, म्हणून दक्षिणेकडे दिसतो तो लालच. चारशे किलोमीटर उंचीची लाली गणिताने बावीसशे किलोमीटरवरच्या माणसाला नेमकी क्षितिजरेषेवर टेकलेली दिसेल. हान्ले इथून सरळ रेषेत सोळाशेच्या आसपास.

"म्हंजी दिसू शकतं!" अण्णा बाजेवरून उठले.

"गणितात दिसतं. तेही लाली हान्लेच्या डोक्यावर असती तर; ती तिथेही क्षितिजालाच होती. आणि धुळीत, धुरात, बारा फुटी उसात तर नाहीच. हान्ले कुठे, माहीत आहे का? साडेचार हजार मीटर उंचीवर. तिथेही कॅमेऱ्याला दिसलं तेवढं डोळ्याला दिसत नाही."

पण अण्णांनी पहिलंच वाक्य घेतलं आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर सांगितलं की गार्डसाहेबांनी गणित करून सर्टिफिकेट दिलं आहे.

त्यांच्या हाती हुकमाचा एक्का मीच दिला. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री आपल्या मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी दोन दिवसांनी टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. चुंबकीय विषुववृत्तापासून मुंबई दहाएक अंशांवर, म्हणजे जवळपास अशक्य जागा. म्हणून दीडशे वर्षांनीही संशोधक त्या चार ओळी उलटून-पालटून वाचतात. त्या वाऱ्यावर उडून गेल्या नाहीत याचं कारण, त्याच वेळी मुंबई-एडन समुद्री तारेवर व्यत्यय आल्याचंही नोंदलेलं आहे, आणि कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसुई वेडीवाकडी नाचल्याचंही.

हे सांगून मी श्वास घेतो न घेतो तोच अण्णा म्हणाले, "आमच्या खापरपणजोबांनी बघितलेलं ते."

गार्डसाहेबांनी वही काढली. "कुठून?"

"दौंडच्या टेसनावर. गूळ घालायला गेले होते. बैलगाडी सोडून बसले होते."

हे एवढं तरी जमण्यासारखं होतं. दौंडला रेल्वे तेव्हा आलेली होती. गार्डसाहेबांच्या चेहऱ्यावर क्षणभर आदर आला. "तोंड कुठल्या दिशेला होतं त्यांचं?"

"दक्षिणेला."

"मग उत्तरेचं दिसलं कसं?"

"वळून बघितलं."

कुलाब्याचं नाव निघालं की गार्डसाहेब थोडे हळवे होतात. त्यांच्या मते तिथल्या वेधशाळेतली माणसं म्हणजे खरे गार्ड. १८५९च्या सप्टेंबरात जगातलं सर्वांत गाजलेलं सौरवादळ झालं. इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टनने १ तारखेला सूर्यावर लखकन झालेला प्रकाश पाहिला, अमेरिकेत तारबाबूंनी बॅटऱ्या काढूनही तारा चालवल्या, या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. पण ते वादळ पृथ्वीवर किती जोराचं होतं, हे ज्या कागदावरून कळलं तो कुलाब्याचा. तिथे माणसं डोळ्यांनी सुईचं रीडिंग घेत आणि हाताने लिहीत. २ तारखेला सुई सोळाशे नॅनोटेस्ला खाली कोसळली आणि ते कोसळणं कोणीतरी वेळेसकट उतरवून ठेवलं. ते आकडे २००३मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि आपले गुरबक्ष लखिना वगैरे मंडळींनी पुन्हा तपासले, तेव्हा जगाने डोक्याला हात लावला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकाचं काम १९०४मध्ये अलिबागला हलवलं. गार्डसाहेब अलिबागला सहलीला गेले तेव्हा सगळे समुद्रावर पळाले, आणि हे चुंबकीय वेधशाळेच्या फाटकापाशी हात जोडून उभे.

"कुलाब्याच्या बाबूने 'मोटर ट्रिप झाल्यावर सुई पडली' असं लिहिलं असतं तर?" त्यांनी अण्णांना विचारलं.

टपरीवर एकाने मूळ शंका काढली, की हे सगळं करायचं कशाला? आकाशात आदित्य एल-१ आहे ना आपलं? आहे. पंधरा लाख किलोमीटरवर बसून सूर्याकडे बघतंय, त्यातली एक दुर्बीण तर पुण्याच्या आयुकाने केलेली. पण गार्डसाहेबांच्या भाषेत सांगायचं तर ते मागच्या स्टेशनाहून आलेली 'गाडी सुटली' अशी खबर देतं. गाडी आपल्या फलाटावर प्रत्यक्ष कशी आली, हे फलाटावरच्याच माणसाने सांगावं लागतं. आणि उशिरा कळलं तर भोगावं लागतं. १९८२च्या जुलैत स्वीडनमध्ये अशाच वादळात रेल्वेचे सिग्नल कारण नसताना लाल झाले होते. हे उदाहरण ते इतक्या मनापासून सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या गाडीवर हेच होते. मे २०२४ला अमेरिकेत मक्याच्या पेरणीची घाई चालू असताना जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी पेरणीच थांबवली. हे मात्र सगळ्या टपरीला पटलं. "आपल्याकडं ट्रॅक्टर भरकटला तर डायवरचं तोंड हुंगायचं," एकजण म्हणाला. "तिकडं सूर्याचं."

हौशी माणसांच्या नजरेची किंमत सांगताना मी कॅनडाची गोष्टही घुसडली. अल्बर्टातल्या हौशी छायाचित्रकारांना आकाशात जांभळट रंगाची एक लांबच लांब फीत दिसायची. शास्त्रज्ञांच्या खात्यात ती नव्हतीच. नाव ठाऊक नाही म्हणून त्यांनी गमतीने तिला 'स्टीव्ह' म्हटलं. उपग्रहाने तपासलं तर तिच्यातला वायू आजूबाजूपेक्षा हजारो अंशांनी तापलेला. २०१८मध्ये त्यावर शोधनिबंध निघाला, हौशी लोकांची नावं लेखकांत घेऊन, आणि नाव स्टीव्हच राहिलं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण बाळासाहेब ठेवलं असतं."

खरी ठिणगी पडली ती फॉर्मच्या पहिल्याच प्रश्नावर. 'दिसलं का?' याखाली दोन उत्तरं आहेत, हो आणि नाही. गार्डसाहेबांनी दौंडहून 'नाही' असं भरून पाठवलं होतं. नकाशावर त्यांच्या नावची उणे खूण उमटली होती. ती त्यांनी अण्णांना मोबाइलवर दाखवली.

अण्णांना हे अपमानास्पद वाटलं. "न दिसलेलं सांगायला माणूस कशाला लागतो? न दिसलेलं तर सगळ्या तालुक्याला न दिसतंय. त्यात तुमचं काय?"

"दिसल्याची हद्द कुठे संपते ते न दिसल्यावरूनच कळतं, अण्णा," मी म्हणालो. शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या आकड्यांवरून अंदाजाची एक रेषा काढलेली असते, इथपर्यंत दिसेल अशी. लोकांच्या नोंदी आल्या तेव्हा कळलं की माणसांना त्या रेषेच्या बरंच खालीही दिसतंय. रेषा सुधारायची तर वरून 'हो' लागतं आणि खालून 'नाही' लागतं. आणि ते 'नाही' अशा माणसाचं लागतं जो खरोखर बाहेर उभा राहून, योग्य दिशेला, योग्य वेळी बघत होता. घरात पंख्याखाली झोपलेल्याचं 'नाही' काय कामाचं?

हे शेवटचं वाक्य अण्णांनी उचललं. तालुक्यात खरोखर बाहेर उभा असलेला माणूस कोण, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

ऑक्टोबरात संधी आली. १० तारखेला पुन्हा मोठं वादळ, ऐन नवरात्रात, दसरा दोन दिवसांवर. हान्लेला पुन्हा लाली टिपली गेली. अण्णांनी त्या रात्री गच्चीवर सतरंजी टाकली, घड्याळ लावलं, होकायंत्र बघायला नातवाला जागवलं, आणि वीटभट्टी बंद आहे ना याची आधी फोन करून खात्री केली. पहाटेपर्यंत त्यांनी उत्तरेकडे पाहिलं. काहीही दिसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. सकाळी त्यांनी फॉर्म भरला. वेळ मिनिटासकट, दिशा अंशांत, आकाश निरभ्र, उत्तर 'नाही'. पाठवताना बोट थोडं थरथरलं, असं नातू सांगतो.

गार्डसाहेबांनीही पाठवलंच होतं. अण्णांनी त्यांना फोन लावला. "कुठून बघितलंत?"

"घराच्या गच्चीवरून."

"दौंड जंक्शनच्या हायमास्टाखालून? तिथून चंद्र दिसायची मारामार. तुमचं 'नाही' धरू नका म्हणावं त्यांना. न दिसायलासुद्धा अंधार लागतो, गार्डसाहेब."

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज. गार्डसाहेब हरले होते, आणि हरल्याची वेळ लिहून घेत होते.

त्या दिवसापासून गावाला अण्णांचा नवाच ताप सुरू झाला. पूर्वी ते दिसलेलं पाच मिनिटांत सांगून मोकळे व्हायचे, न दिसलेल्याला त्यांना अर्धा तास लागतो. वन खात्याचे लोक पिंजरा लावायला आले, त्यांनी सहज विचारलं, बिबट्या दिसला का? अण्णांनी न दिसलेल्या बिबट्याची दिशा, वेळ आणि दृश्यमानता सांगितली, आणि ते बिचारे लिहून घेत राहिले. सोसायटीच्या चेअरमनने विचारलं, आमच्या पॅनलबद्दल लोकांत नाराजी दिसते का? "मला दिसली नाही," अण्णा म्हणाले, "पण मी फक्त एकाच आळीत बघत होतो." चेअरमनला तीन दिवस झोप नाही.

परवा तळेगाव ढमढेऱ्याहून पाहुणे आले होते, गावातल्या एका मुलाची चौकशी करायला. मुलगा रांजणगावला एमआयडीसीत, पगार चांगला, स्वभाव शांत. मुलीच्या मामाने जाता जाता टपरीवर गाडी थांबवली. पूर्वीचे अण्णा असते तर त्यांना हा मुलगा किमान तीन ठिकाणी दिसला असता, म्हणून मुलाचा बापही लगबगीने येऊन शेजारी उभा राहिला.

"पोरगं पितं-बितं का हो? कुठं तसल्या जागी दिसलं का कधी?"

"नाही," अण्णा म्हणाले.

मुलाच्या बापाने डोळे मिटून हात जोडले. मामाही खूश झाला, चहा सांगितला.

"रात्री आठ ते साडेनऊ बघत होतो," अण्णा पुढे म्हणाले. "शिरूरच्या बाजूला स्वच्छ होतं. चौफुल्याच्या बाजूला ढग होते."